वरचा चिंचोका

मार्चमधला सोमवार, सकाळी अकरा. हजर : मुलं चौदा, मदतनीस मंगलताई, सुपरवायझर मॅडम, दारातल्या खुर्चीवर परीचे आजोबा म्हणजे आबा, आणि मी, अंगणवाडी सेविका.

पाटावर अंकांची कार्डं मांडली होती. मुलानं अंक बघायचा आणि तेवढे चिंचोके कार्डावर ठेवायचे. आमच्या भाषेत अंक-वस्तू जोडी. खेळ मुक्यानं खेळायचा, असा माझा नियम. नाहीतर एक जण मोठ्यानं मोजतो आणि बाकीचे ऐकून ठेवतात.

परीची पाळी आली. तिनं तीनवर चार ठेवले. पाचवर सहा. दोनवर तीन.

मॅडमचं पेन थांबलं. "ताई, हिला जूनमध्ये पहिलीत कशी पाठवणार? अजून वर्षभर राहू दे इथंच."

आबा खुर्चीतून उठले. "म्याडम, तिचं दप्तर घिऊन झालंय. उशाला घिऊन झोपती पोर."

"आबा, दप्तरानं अंक येत नाहीत."

"येत न्हाईत कसं? शिरूरच्या बाजारात लिंबं तीच मोजून देती. मी नुसती पिशवी धरतो."

"इथं तर चुकतंय सगळं."

परी खाली मान घालून बसली. मी म्हटलं, "परत एकदा बघू." कार्डं पिसली. तिनं चारवर पाच ठेवले. मॅडमचं लक्ष कागदात होतं. तेवढ्यात मंगलताईंनी एक चिंचोका बोटानं हळूच ओढून घेतला. पोरीवर जीव, दुसरं काय!

परी ओरडली, "ए मावशी, वरचं नगं काढू! गिऱ्हाईक परत येतंय का मग?"

आबा हसत सुटले. आबांकडे लिंबं घेतली, की मोजून झाल्यावर एक वर मिळतं. ते मोजणीत धरत नाहीत. परी प्रत्येक कार्डाला गिऱ्हाईक समजत होती.

मॅडम पाटाजवळ येऊन बसल्या. "मला पाच दे. वरचं नको."

"फुकाट हाय तरी नगं?"

"नको."

परीनं मोजून पाच ठेवले. मग सात, मग नऊ. सगळे बरोबर. शेवटी दाराकडे वळून म्हणाली, "आबा, ह्यास्नी वरचं नगंच हाय!"

पहिली नक्की झाली.

ज्या मुलाला मोजता येत नाही, ते दर वेळी वेगळं चुकतं. दर वेळी नेमका एकच जास्त येत असेल, तर मोजणी बरोबर आहे. तो एक कशाचा, एवढंच विचारायचं. न बोलता खेळायचा नियम मी दुसऱ्याच दिवशी बंद केला.

परीच्या समाधानासाठी पाटाशेजारी एक वाटी ठेवली : वरचं हिच्यात टाकायचं. आता चौदाच्या चौदा मुलं त्या वाटीत एकेक टाकतात. जूनच्या आत ही सवय मोडायची आहे. अजून जमलेलं नाही.