परतीची जागा

बांधून झालेली पेटी वन्सं आधी कानाने तपासत. लहान असेल तर दोन्ही हातांनी उचलून, मोठी असेल तर एक कड वर करून त्या ती हलवत आणि मान कलती करून ऐकत. आत काही वाजलं की कुलूप काढायचं, सगळं बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. "जे हलतं ते फुटतं," त्या म्हणत. झाशी स्टेशनावरच्या पार्सल ऑफिसात त्यांची सारी नोकरी झाली. लोकांच्या फुटक्या बरण्या आणि चेपलेले डबे पाहून त्यांचं हे मत झालं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. झाशीतल्या जुन्या मराठी घरांत नणंदेला अजून वन्सं म्हणतात. मी वाईहून लग्न होऊन आले तोवर हा शब्द मी फक्त पुस्तकात पाहिला होता. त्यांनी लग्न केलं नव्हतं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहत होतो, पुढे माझी मुलगी मीना झाली.

मी आले त्या सकाळी, अजून तोंडही धुतलं नव्हतं, तेवढ्यात त्यांनी माझी ट्रंक हलवली. मग उघडली. वर पुस्तकं होती आणि त्यांच्याखाली आईने दिलेली लोणच्याची बरणी. तिला तडा गेला होता.

"सुमे, ही पेटी कोणी भरली?"

"मी."

"तरीच. अगं, पुस्तकं म्हणजे विटा. विटा कुणी छपरावर ठेवतं का?" फडक्याने तेल टिपत त्या म्हणाल्या, "बी.ए. झालीस म्हणे. त्यात वजन खाली ठेवायला शिकवत नाहीत वाटतं." मला रडू येत होतं. त्यांनी तडकलेल्या बरणीतली एक फोड काढून उजेडात नीट पाहिली आणि तोंडात टाकली. "काच नाही आली. चव आहे हो तुझ्या आईच्या हाताला. बैस, चहा घे."

दर उन्हाळ्यात आम्ही मुंबईला किंवा वाईला जायचो, आणि पेटी त्याच भरत. त्यांच्या हिशेबात पेटीचे थर म्हणजे रस्त्यावरची स्टेशनं होती. पहिल्या बीना स्टेशनावर लागणारं सगळ्यात वर: पंचा, फुलपात्र, चाकू. त्याखाली इटारसीचा जेवणाचा डबा. भुसावळनंतर थंड वाटेल म्हणून शाल त्याच्याखाली. उतरल्यावर नेसायचं लुगडं तळाशी. साड्यांच्या घड्या नव्हेत, गुंडाळ्या. पोकळ वस्तू रिकामी ठेवायची नाही. तांब्यात डाळ, डब्यात रुमाल.

"तुझ्या बुटांत काय आहे रे?" त्या भावाला विचारत.

"बुटांत पाय असतात, आक्का."

"पेटीतल्या बुटांत पाय असतात? मोजे भर त्यात, शहाण्या."

इतकं करून त्या पेटीची उजवी बाजू मोकळी ठेवत, चांगली वीतभर. तिथे काही हलू नये म्हणून एक जुनी निळी चादर घडी करून दाबून बसवत. ती परतीची जागा. येताना तिथे मेतकूट, कोकम, कुळथाचं पीठ यायचं आणि चादर त्याभोवती गुंडाळली जायची. "काय मिळेल ते जाताना कळत नाही," त्या म्हणत. "जागा असली की माणूस घेऊन येतो."

कॉलनीत कुणाची बदली झाली की त्यांना बोलावणं यायचं. "जिज्जी, बक्सा जमा दो," पेटी लावून द्या, असं म्हणत शेजारच्या बायका दारात उभ्या राहायच्या. बदलीच्या पेटीत वन्सं बोटभरही जागा सोडत नसत. पातेल्यात पातेली, पातेल्यांत मुलांचे कपडे, कपड्यांत कप. मी एकदा विचारलं, "इथे चादर नाही घालायची?"

"बदलीवाल्याला कुठे परत यायचंय? त्याची पेटी ठासून भरावी. प्रवास वेगळा, बदली वेगळी."

त्या निवृत्त झाल्या. मीना लग्न होऊन मुंबईला गेली. मग वन्संना गिळताना त्रास होऊ लागला. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला नेऊन ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. बरं होईल का, असं ह्यांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "करून पाहू या." वन्सं समोरच बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

पेटी त्यांनीच भरली. मी वस्तू हातात देत होते. त्यांचे कपडे थोडेच होते. पण मग त्यांनी कपाटातून चांदीचा करंडा काढायला लावला, त्यांच्या आईची समई, त्यांची एकुलती एक जरीची साडी, देवघरातला गणपती. "मीनाकडे राहील," एवढंच म्हणाल्या. समईचे भाग सुटे करून त्यांनी साडीत गुंडाळले. गणपती करंड्याशेजारी बसला. उजवी बाजू भरली. निळी चादर पलंगावर तशीच होती.

मी म्हटलं, "वन्सं, ही तर बदलीची पेटी झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वजन प्रवासाचंच आहे. उचलून बघ."

मी कड उचलली. त्यांनी मान कलती करून ऐकलं. आत काहीही वाजलं नाही.

"हां," त्या म्हणाल्या. "लाव कुलूप."

मुंबईला दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी सगळं मीनाच्या हाती दिलं, कुठली वस्तू कशी पुसायची ते सांगून. ऑपरेशननंतर त्या शुद्धीवर आल्या नाहीत. पुढचं सगळं रीतसर झालं. आम्ही नाशिकला जाऊन आलो. लोक भेटायला आले, मी त्यांना पाणी दिलं. कोण काय बोललं ते आठवत नाही.

परत निघताना पेटी मी भरली. आता त्यात आमच्या दोघांचे कपडे, वन्संचं फुलपात्र आणि चष्म्याचं घर एवढंच होतं. मीनाने विचारलं, "आई, नेहमीचं मेतकूट, कोकम बांधून देऊ?" मी नको म्हटलं. फुलपात्रात रुमाल कोंबायचा, चष्मा गुंडाळीत घालायचा, हे मला येत होतं. हात चालले नाहीत. मी झाकण लावलं.

गाडीत पेटी बाकाखाली होती. रूळ बदलला की आत फुलपात्र घरंगळायचं आणि पत्र्यावर आपटायचं. इटारसीला ह्यांनी विचारलं, "उघडून नीट करतेस का?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

झाशीला रामदास कुली डब्यापाशीच आला. पार्सल ऑफिसातल्या दिवसांपासून तो वन्संना ओळखत होता. आमचं सामान नेहमी तोच उचलायचा. त्याने पेटी डोक्यावर घेतली, चार पावलं गेला, आत फुलपात्र वाजलं आणि तो थांबला.

"बहूजी, जिज्जी को बक्सा तो कभऊँ नईं बोलत तो. आज बोल रओ है." मग आमच्या मागे डब्याच्या दाराकडे पाहून म्हणाला, "जिज्जी नईं आईं?"

ह्यांनी मान हलवली.

रामदासने पेटी डोक्यावरून उतरवली, दोन्ही हातांनी छातीशी आडवी धरली आणि पूल चढू लागला. एकेक पायरी, हळू. मी मागून चालत होते. वरच्या पायरीपर्यंत आतून काहीही वाजलं नाही.