आत्याबाईंनी सांगितलेला रिपोर्ट

आत्याबाई आज सकाळी गेल्या.
आता मला टाकून बोलणारं घरात कुणी उरलं नाही.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. अल्लीपूरला आमचं किराणा दुकान, काउंटरवर त्याच बसायच्या.
तोंड इतकं फटकळ की आमच्या लग्नाच्या पंगतीत माझ्या आईला तोंडावर सांगितलं, भात कच्चा राहिला म्हणून.
कुणाचं मन राखायला गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

2006 सालची गोष्ट. मी सव्वीसची, लेक दोन वर्षांची.
सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली. गावानं लगेच कॅन्सर ठरवून टाकला. खरं सांगते, मीही.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, बहुतेक साधी गाठ आहे, अशी फार क्वचित दिसते. पण आत फुटली तर जिवावर बेतेल, काढावीच लागेल. मोठी चीर नाही, दुर्बिणीनं काढू.

पोटावर चार छिद्रं, खाली एक छोटा छेद. गाठ पिशवीत घालून तिथून बाहेर काढली.
नातेवाईकांना ट्रेमध्ये आणून दाखवली, तेव्हा माझा नवरा तोंड फिरवून उभा राहिला म्हणे. आत्याबाईंनी चष्मा लावून नीट पाहिली.

गाठ तपासायला गेली. खात्रीचा रिपोर्ट आठ दिवसांनी.

माझं जेवणच सुटलं. घास नुसता तोंडात फिरायचा.
लेकीला जवळ घेत नव्हते. म्हटलं, उगाच तिला माझी सवय नको.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई ताट घेऊन पलंगाजवळ आल्या.
"रिपोर्ट आला. साधी गाठ हाय. आता मुकाट्यानं जेव."

इतक्या लवकर कसा आला, हे विचारायचं सुचलंच नाही. त्या बोलल्या म्हणजे ते खरंच.
रडत रडत वरणभात खाल्ला. लेकीला कुशीत घेऊन झोपले.

मागच्या महिन्यात त्यांचे पाय चेपत होते, तर सहज सांगून मोकळ्या झाल्या. त्या दिवशी रिपोर्ट आलाच नव्हता. आला तो आठव्या दिवशी, आणि नशिबानं चांगला आला.

मी म्हटलं, आत्याबाई, वाईट आला असता तर?

"त मीच येऊन सांगतलं असतं. पन तेवढे दिस तं तू पोरीले जवळ घेतलं असतं ना व."

ते पाच दिवस त्यांनी एकटीनं कसे काढले, मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं हो.

आत्याबाई, तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.