लंकाबाईच्या गाळातला बीच

संक्रांतीच्या सुमारास गोरखने धरणाच्या काठी वाळूचे डंपर रिकामे केले, कुंडीतले दोन नारळ उभे केले आणि मढ गावाला बीच झाला. तंबू आले, रंगीत छत्र्या आल्या. रस्त्यावर पाटी लागली, ‘मिनी गोवा, गोड्या पाण्याचा’. गोरख गोव्याला एकदाच गेला होता, आणि तिथलं काही लक्षात राहावं अशा अवस्थेत तो तेव्हा नव्हता.

वाळू पडली ती त्याच्या आईच्या तुकड्यावर. लंकाबाई साठी ओलांडलेली, काटक, आणि बोलायला लागली की समोरच्याने चप्पल शोधावी अशी. तिची काठावरची जमीन धरणात गेलेली. पण थंडी सरली की पाणी खाली उतरतं आणि काळा गाळ उघडा पडतो. मग ज्याने त्याने आपला बुडालेला तुकडा जुन्या बांधावरून ओळखायचा आणि त्या ओलीवर पेरायचा, अशी इथली रीत. लंकाबाई दरसाल पाण्याच्या मागे मागे काकडीचं बी टोकत खाली उतरायची.

“गोरख्या, हितं मी पेरती,” ती म्हणाली.

“आये, लोक पाण्यासाठी येत्यात. पाणी हाय तर आपण हाय.”

“पाणी काय तुझ्या बापाचा गडी हाय व्हय, जागेवर थांबायला?”

पाणी उतरतं हे गोरखला माहीत नव्हतं असं नाही. त्याच गाळातल्या काकड्या खाऊन तो मोठा झाला होता. पण एकदा बीच म्हटल्यावर पाणीही बीचसारखं वागेल, असं त्याने धरून ठेवलं. शिमग्यापर्यंत वाळू वर राहिली, पाणी खाली गेलं आणि मध्ये चिखल उरला. आयटीतला एक पाहुणा त्यात गुडघ्यापर्यंत गेला. त्याला बाहेर काढलं, बूट तिथेच राहिले.

गोरखने ठरवलं, सुट्ट्या लागायच्या आत खालीही वाळू टाकायची. तोवर लंकाबाईने सून नूतनला घेऊन तो सगळा चिखल काकडीने टोकून टाकला. नूतन तंबूंच्या चादरी धुणारी, भाकरी थापणारी आणि पाहुणे आले की नऊवारी नेसून हसणारी. एरवी सासू-सुना दोघी मॅक्सीत असत, पण ते पाटीवर नव्हतं.

डंपर आला तेव्हा वेल पसरले होते. लंकाबाई वाफ्यात उभी राहिली. “वत. आधी माझ्यावर वत, मग काकडीवर.”

“आत्या, जरा सरका,” नूतन म्हणाली. “वेल तुडवला जातोय.”

डंपर माघारी गेला.

शनिवारी पाहुणे आले. कुणी पाण्याकडे निघालं की अडवायचं, म्हणून लंकाबाई खुरपं घेऊन सकाळपासून बांधावर बसली. कुणी आलं नाही. पाहुणे वरच्या वाळूत गॉगल लावून बसले, पुण्याहून बर्फात आणलेली सुरमई खाल्ली आणि लांबचं पाणी पाठीमागे घेऊन फोटो काढले. एका बाईने वरून हाक मारली, “आजी, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय.”

लंकाबाई बाजूला झाली. एवढी तयारी करून भांडायला कुणी मिळालं नाही, याचा तिला रागच आला.

गोरखला मात्र त्या दिवशी अक्कल आली. “आये, पाणी लागतच न्हाई. घे तुझा गाळ, कर काकडी. बीच आपण कुठंबी करू.”

दोन दिवसांनी तो घरामागच्या भातखाचरात टेप धरून उभा दिसला. शेजारी डंपरवाला भरत. “हितं टाकू,” गोरख म्हणत होता. “घर जवळ, संडास जवळ.”

लंकाबाईने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने आणि नूतनने खाचरात शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरल्या आणि राब पेटवला. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन अशी भाजतात, दिवसही त्याचेच होते. दरवर्षी एक कोपरा भाजायचा. यंदा बांधापासून बांधापर्यंत.

धूर तंबूंत शिरला. गोरख धावत आला. “आये, पावणं हायेत वर. सगळं खाचर कशाला भाजलंस?”

“भात लावायचाय.”

“एवढा?”

“तुझं पावणं लई जेवत्यात.”

तेवढ्यात भरत वाळू घेऊन आला. त्याने काचेतून खाचराकडे पाहिलं आणि डंपर बंदही केला नाही. “भाजल्या राबावर वाळू? न्हाई राव. माझ्या आईला कळलं तर ती मला जेवायला वाढायची न्हाई.” त्याने डंपर मागे घेतला.

गोरख वर तंबूंकडे गेला आणि खोकणाऱ्या पाहुण्यांना म्हणाला, “डासांसाठी करतो आम्ही हे. एकदम ऑरगॅनिक.”