डावखुरं विमान

माझ्या मामाने आजवर इतके शर्ट इस्त्री केले आहेत, की ते बाहीला बाही बांधून जमिनीवर अंथरले तर शेवटचा शर्ट कुठल्या तरी परक्या देशात निघेल. आणि तिथे पोहोचून मामा पहिला प्रश्न विचारील, "ही कॉलर कुणी केली?"

मामाची लाँड्री म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसलेली एक खोली. पुढे छातीइतकं उंच टेबल, त्यावर चौपदरी कांबळं, कांबळ्यावर पांढरी चादर. मागच्या अंगणात दोन नळ, सहा दोऱ्या आणि मामी. धुणं मामीचं, इस्त्री मामाची, आणि मोठ्या चादरी पिळणं दोघांचं. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला ती. ह्याने उजवीकडे पिळायचं, तिने डावीकडे. सव्वीस वर्षांच्या संसारात हे एक काम दोघांनी न भांडता केलं, कारण पिळताना दोघांचेही दात आवळलेले असतात.

मामाच्या डोक्यात विमान शिरलं ते एका दातांच्या डॉक्टरांमुळे. हे डॉक्टर गावाबाहेरच्या मैदानावर रिमोटची छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मंडळाचे चौदा निळे शर्ट आणून टेबलावर टाकले. खिशावर पिवळ्या दोऱ्याने भरलेलं इवलंसं विमान. भरतकामावर इस्त्री नेहमी उलट बाजूने फिरवायची असते. त्यामुळे अकरा वर्षं, दर शुक्रवारी, मामा ती चौदा विमानं पाठीमागून बघत आला. दुसऱ्याच्या लग्नात कायम मांडवामागे उभं राहावं, तसं.

एकदा मामीने त्याला त्यातला एक शर्ट छातीला लावून आरशापुढे उभा असताना पकडलं.

"अहो! गिऱ्हाइकाचा आहे तो!"

"माप बघत होतो."

"कुणाचं?"

"...खिशाचं."

खरेदी करून हा शर्ट मिळत नाही. मंडळात यायचं तर विमान स्वतः बांधायचं, उडवायचं, मैदानाला एक पूर्ण फेरी मारायची आणि फक्कीने आखलेल्या चौकोनात उतरवायचं. संधी चार. मामाच्या तीन होऊन गेल्या होत्या. पहिलं विमान उडालं आणि थेट कुंपणात घुसलं. दुसरं उडालंच नाही. गवतातून धावत सुटलं आणि ऑफिसला उशीर झालेल्या कारकुनासारखं रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. तिसरं वर गेलं ते परत आलं नाही. ते अजून वरच असावं, असं मामाचं मत आहे.

चौथ्या संधीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी माझी पँट न्यायला गेलो आणि अडकलो. टेबलावर कपड्यांऐवजी विमानाचे दोन पंख होते. हलक्या लाकडाचा सांगाडा, माशाच्या फासळ्यांसारखा. त्यावर एक लाल चकचकीत फिल्म चढवायची होती. तिला उष्णता दिली की ती आक्रसते आणि ढोलकीसारखी ताणून बसते. फिल्मबरोबर एक छोटी इस्त्रीही आली होती. मामाने ती दोन बोटांत धरून मला दाखवली.

"ही इस्त्री आहे की इस्त्रीचं पिल्लू? हिने मी काय मुंग्यांचे शर्ट करू?"

"मामा, माहितीपत्रक वाचलंस का? आतमध्ये घडी करून ठेवलंय."

"मला इस्त्री शिकवायला कागद लागतो?" असं म्हणून त्याने त्या कागदाची घडी उलगडली, त्यावर इस्त्री फिरवली, कागद कडक सरळ केला आणि न वाचता बाजूला ठेवला.

खरं सांगतो, हात मात्र देवाचा. स्वतःची भलीमोठी इस्त्री त्याने रेशमाच्या तावावर आणली, जिभेवर बोट लावून तळाला टेकवलं, चर्र आवाज कानाने तोलला. मग आधी कडा चिकटवल्या. फिल्म नव्या नवरीसारखी अंग चोरून, सुरकुतून बसली होती. मामाने इस्त्री नुसती वरून तरंगवली, आणि सुरकुत्या बघता बघता नाहीशा झाल्या. मी टाळ्या वाजवल्या. मामाला चेव आला. डाव्या पंखाची वरची बाजू त्याने अशी ताणली की टिचकी मारली तर टण्ण वाजावी. आता खालची बाजू घ्यायची म्हणून पंख उलटा केला, आणि टेबलावर ठेवला तर तो ठेवला जाईना. एक टोक हवेत. उन्हात वाळलेल्या ओल्या चपलेसारखा पंख पिरगळून वर आला होता.

मी तो कडक कागद उचलून वाचला. पहिलीच ओळ: दोन्ही बाजू आधी चिकटवा, मग आळीपाळीने, थोडं थोडं ताणा.

"एक बाजू पुरी केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही," मामा क्षीण आवाजात म्हणाला. "तीस वर्षं हाच नियम आहे आपला."

"शर्टाला हाडं नसतात, मामा."

तो स्टुलावर बसला. समोरच्या दांडीवर उद्यासाठी तयार झालेले चौदा निळे शर्ट ओळीने टांगलेले होते. मामाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पंखाकडे, मग परत त्यांच्याकडे. मी कागद गुपचूप खाली ठेवला.

तेवढ्यात चादरींची बादली घेऊन मामी आत आली. तिने पंख बघितला.

"हे उडवायचंय की ह्याने पाठ खाजवायचीय?"

"वाकडं झालं," मामा म्हणाला.

"मग पिळा की उलटं!"

मामा एकदम उठला. मी कागद पुन्हा बघितला. अगदी तळाशी तेच छापलं होतं: पंख उलट दिशेने पिळून धरा, पुन्हा गरम करा, थंड होईपर्यंत सोडू नका. मामीने कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आधी खालच्या बाजूची फिल्म लावून झाली. मग मला पंखाचं बूड धरायला दिलं. "घट्ट धर. शिंकायचं नाही. विचारसुद्धा करायचा नाही," मामाने ताकीद दिली. मामीने पदर खोचला, टोक धरलं आणि पिळलं. मामाची इस्त्री वरून, खालून, वरून, खालून फिरू लागली.

"अगं हळू! विमान आहे ते!"

"मग आधी सांगायचं! मी डबलबेडच्या चादरीचा पीळ दिला!"

"सोडू नको, सोडू नको! आता गार होऊ दे!"

पाच मिनिटं आम्ही तिघं त्या पंखाला धरून एखाद्या फोटोसारखे उभे होतो. एक गिऱ्हाईक आलं, त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि ते आल्या पावली परत गेलं. मग मामाने एक डोळा मिटून पंखावरून नजर फिरवली.

"सरळ," तो म्हणाला.

मला तो सरळच्या किंचित पलीकडे गेल्यासारखा वाटला. पण मामाचा चेहरा इतका उजळला होता, की मी पँट घेतली आणि निघालो.

रविवारी सकाळी मैदानावर चौदा निळे शर्ट उभे होते. एकाच्याही अंगावर एक सुरकुती नाही. सगळी मामाचीच करणी. मामा साध्या पांढऱ्या शर्टात, हातात रिमोटचा डबा, कपाळावर घाम. मामी दोन पावलं मागे.

विमान गवतावरून धावलं, उचललं गेलं आणि चढलं. लाल पंख उन्हात लखलखले. मैदानाच्या कोपऱ्याशी ते असं सुरेख डावीकडे वळलं, की डॉक्टर ओरडले, "वा मामा, काय वळण घेतलंत!"

मामाने मान हलवली. पण मी त्याच्या शेजारी होतो. मामाने अजून काही घेतलंच नव्हतं. विमान आपण होऊन वळत होतं.

पहिली फेरी पूर्ण झाली. टाळ्या पडल्या. दुसरी फेरी झाली. टाळ्या जरा कमी. तिसरी, चौथी.

"मामा, एकच पुरे होती!" डॉक्टर म्हणाले.

"मला माहीत आहे हो! त्याला सांगा!"

मामाने रिमोटची दांडी पार उजवीकडे दाबली होती, आणि तिच्याबरोबर स्वतःही उजवीकडे झुकला होता. विमान थोडं सरळ जायचं, विचार केल्यासारखं करायचं आणि पुन्हा डावीकडे. पाचवी फेरी. सगळं मंडळ माना फिरवून फिरवून गरगरायला लागलं. एक सभासद खाली बसला. सहावी. मामाला आधी हसू फुटलं, मग मामीला, मग कुणालाच आवरेना.

"अहो, डाव्या पंखाला माझा पीळ जास्त लागलाय!" मामी हसता हसता ओरडली. "मोटर बंद करा! दमेल आणि येईल खाली!"

सातव्या फेरीला मामाने मोटर बंद केली. एकदम शांतता. मोरीतलं पाणी जसं जाळीभोवती फिरत फिरत लहान वर्तुळात येतं, तसं ते विमान गोल गोल, लहान लहान होत खाली आलं, चौकोनाकडे, अजून थोडं, आणि टेकलं.

एक चाक चौकोनात. दुसरं फक्कीच्या रेघेवर.

हसणं थांबलं. मामाने डबा छातीशी धरला होता. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, अक्कलदाढ तपासावी तसे वाकून त्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले. मामी पुटपुटली, "आता ह्याला भूल देतात की काय?"

डॉक्टर उठले. गुडघे झटकले.

"मामा, ही रेघ आम्हीच आखलेली. रेघ चौकोनाचीच. दाताचं मूळ हिरडीत असलं, म्हणून दात तोंडाबाहेर आहे असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

मामाला ते कळायला वेळ लागला. मामीला लागला नाही. तिने इतक्या जोरात त्याच्या पाठीत थाप मारली, की विमान पुन्हा उडतं की काय असं वाटलं.

डॉक्टरांनी गाडीतून एक पाकीट आणलं. आत पंधरावा निळा शर्ट. मामाने तो बाहेर काढला आणि पांढऱ्या शर्टावर तिथल्या तिथे चढवला. छातीवर पुठ्ठ्याच्या आडव्या घड्या, पाठीवर उभ्या, कॉलर एका बाजूला बसलेली. गिऱ्हाइकाच्या अंगावर एवढ्या घड्या दिसल्या असत्या, तर मामाने त्याला भर रस्त्यातून दुकानात परत ओढून आणलं असतं.

"अहो, काढा तो," मामी म्हणाली. "घरी जाऊन मी इस्त्री करते. उलट बाजूने, काळजी करू नका."

"नको."

"अहो, कॉलरमध्ये टाचण्या आहेत अजून! टोचत नाहीत?"

"टोचतायत," मामा म्हणाला आणि खिशावरच्या पिवळ्या विमानाकडे समोरून, सुलट बाजूने, मान खाली घालून बघत राहिला. "टोचू देत."