कडेचे ओरखडे

गोल्फच्या दुकानातली ही माझी तिसरी फेरी, आणि आता डोकं फिरायला लागलं होतं. मला ड्रायव्हर घ्यायचा होता, म्हणजे पहिला लांब फटका मारायची ती जाड डोक्याची काठी. तीही स्वस्तातली, कारण मी खेळतो महिन्यातल्या एखाद्या रविवारी. पण विक्रेता विचारत होता, "सर, तुमचा स्विंग स्पीड किती? म्हणजे काठी फिरवायचा वेग?" मला माझा रक्तदाब तेवढा माहीत आहे, आणि तो वाढत होता. प्रत्येक नवा ड्रायव्हर म्हणे माझा चेंडू आणखी लांब नेणार होता. झाडीत नेणार की तळ्यात, ते कोणी सांगत नव्हतं.

"अहो, घ्या ना एखादा," बायको कंटाळून म्हणाली.

वैतागून मी कोपऱ्यातला एक वापरलेला ड्रायव्हर उचलला. चेंडूला लागणारी त्याची बाजू मधोमध, जिथे चेंडू लागायला हवा तिथे, कोरी करकरीत होती, आणि पार कडेला चेंडूचे पांढरट ओरखडे दाटीवाटीने उमटले होते. माझाही चेंडू नेमका तिथेच लागतो! नवं सगळं आपण जे होणार असतो त्या माणसासाठी बनवलेलं असतं. आहोत त्या माणसासाठी बनवलेलं मला तिथे एवढंच दिसलं.

"हा आधीच्या मालकांनी का विकला?" मी विक्रेत्याला विचारलं.

"त्यांनी नवीन नेला ना सर, जास्त लांब जाणारा."

"मग? जातो का लांब?"

विक्रेत्याने आवाज खाली आणला. "परवाच येऊन गेले. तोही बदलायचाय म्हणतात."