ओटीत घातलेली पोरगी

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मला इचारलं, "बाळ रडलं की तुला काय होतं?" मी म्हणलं, काहीच न्हाई व्हत. त्यांना वाटलं मी उलटं बोलून राहिले. उलटं बोलायची सवय हाय मला, आख्ख्या गावाला ठाऊक हाय, पण त्या दिवशी मी खरं तेच सांगत व्हते. पोरगी रडायची, मला ऐकू यायचं, आणि तेवढंच. शेजारच्या रानातल्या आखाड्यावर कोणाची तरी पाण्याची मोटर चालू असावी, तसं.

माझं सिझर झालं व्हतं. टाके बुजले तरी कंबर दुखायची काही थांबली न्हाई. त्यात हळदीचा सीझन आला. खणलेल्या रानात उकिडवं बसून दिवसभर हळद वेचायची. आमच्याकडं मजूर बायांच्या टोळीला चहा रानवाल्याचा असतो, आणि चहाच्या किटलीसंगं गोळ्यांची पट्टी पण येते. बाया चहासोबत गोळी घेतात, काम उरकतं, कोणी वाईट म्हणत न्हाई. रानाची मालकीण स्वतः हातावर ठेवायची, "घे माय, कंबर मोकळी व्हईल." कंबर मोकळी झाली, व्हय. डोकं पण मोकळं झालं. ती अफूच्या खानदानातली गोळी हाय, हे मला मागून दवाखान्यात कळलं. हळद संपली, माझी गोळी न्हाई संपली. गावातला औषधाचा दुकानदार डॉक्टरची चिठ्ठी-बिठ्ठी काही इचारत नव्हता.

गोळी नसली की अंग फुटायचं, नाक गळायचं, पोटात मुरडा यायचा. असली की मी गोड. भांडण न्हाई, तोंड न्हाई. सासू म्हणायची, बाळंतपणानं हिची जीभ सुधारली. पोरगी भिजली हाय, भुकेजली हाय, हे मला दिसायचं, पण उठायला कारण सापडायचं न्हाई. माझ्या मोठ्या जावेला, अक्काला, लेकरू न्हाई. तीच पोरीला उचलायची, धुवायची, वाटी-चमच्यानं दूध पाजायची.

शेवटी सासूनं ठरवलं, पोरगी अक्काच्या ओटीत घालायची. आमच्यात ह्याला कागद लागत न्हाई. पाट मांडला, चार घरच्या बाया बोलावल्या, खण-नारळ ठेवला, आणि मी माझ्या हातानं पोरगी तिच्या ओटीत दिली. पुढं पोरगी तिला आई म्हणायला शिकली आणि मला काकू. एकदा ओटीत घातलेलं लेकरू कोणी परत मागत न्हाई. बारक्या पोरीला पण एवढं कळतं.

मग एकदा दुकानदार लग्नाला गेला आणि मला गोळी मिळाली न्हाई. मी अंगणात लोळून राहिले, तेव्हा कुठं नवऱ्याच्या ध्यानात आलं की ही कंबरेची तकलीफ न्हाई. त्यानं हिंगोलीला दवाखान्यात नेलं. तिथं जिभेखाली ठेवायची दुसरी गोळी सुरू केली. सासू म्हणाली, एक सुटली अन् दुसरी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बराबर मापात असते, हिनं तडफड थांबते आणि माणूस ठिकाणावर राहतो.

पोरीच्या रडण्याचं मात्र त्यांनी नीट समजावलं. म्हणाल्या, लेकरू रडलं की आईच्या डोक्यात काहीतरी जागं होतं, आणि त्याला जवळ घेतलं की तिचं तिलाच बरं वाटतं. गोळीनं ते बरं वाटणं सगळं आपल्याकडं ओढून घेतलंय. मी इचारलं, परत येतं का? म्हणाल्या, येतं, हळूहळू, लेकरासोबत बसलीस तर. कधी, ते सांगता येत नाही.

बसायचं म्हणलं तर लेकरू अक्काचं. सासू नको म्हणत असताना अक्का पोरीला घेऊन माझ्यासंगं दवाखान्यात निघाली. काहून निघाली, मी इचारलं न्हाई. दर वेळी शिरड शहापूरहून एसटीनं आमी तिघी हिंगोलीला जायचो. दवाखान्यात लेकरांच्या खेळायच्या खोलीच्या दाराबाहेर अक्का बसायची.

आत दवाखान्यातली एक ताई आयांना लेकरांसंगं सतरंजीवर बसवायची. पोरगी जे करील ते फक्त बोलून दाखवायचं. शिकवायचं न्हाई, रागवायचं न्हाई. तू वाटी घेतलीस. तू वाटी पालथी केलीस. मी म्हणलं, ताई, ते तर दिसूनच राहिलं, सांगायचं कोणाला? ती म्हणाली, तुम्हाला दिसतंय हे तिला कळू द्या. बरं म्हणलं. वाटी, झाकण, चमचा, मी बोलत राहिले, जसे हळदीत हात चालतात. पोरगी माझ्याकडं बघायची, मग दाराकडं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, आणि चांगलं पण वाटत नव्हतं.

सोयाबीन निघाल्यावर असंच गेलो व्हतो. पोरीनं खेळण्याच्या कपाटाच्या फटीत बोट घातलं आणि दार लागलं. मी जवळच व्हते. माझा हात तिच्याकडं गेला पण. ती माझ्या हाताखालून निसटली, "आये" करत बाहेर पळाली आणि अक्काच्या पदरात शिरली.

आणि मला दुखलं. छातीत का पोटात, सांगता येत न्हाई, पण दुखलं. ताईनं इचारलं, काय झालं? मी म्हणलं, दुखून राहिलं. ती म्हणाली, "चांगलं आहे." एक थोबाडीत ठेवून द्यावी वाटली तिला. खोटं कशाला बोलू, जुन्या गोळीची पण आठवण आली. पण ती घेतली तर हे दुखणं जाईल, आणि ह्याच्यासंगं पोरगी पण जाईल, एवढं मला समजत व्हतं.

बाहेर अक्का बोटावर फुंकर घालत व्हती. मी समोर जमिनीवर बसले. "बोट चेमटलं तुझं. लई दुखलं," मी पोरीला म्हणलं. ती रडायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग मी अक्काला म्हणलं, "अक्का, माझी पोरगी मला परत दे."

अक्कानं पदर पोरीच्या अंगावर ओढून घेतला. ती रागावली नव्हती. तिनं त्या बोटावर अजून एक फुंकर घातली.

"ओटीत घालताना मी तुला इचारलं व्हतं, बाई, तुला रडू न्हाई का येत," ती म्हणाली. "तू हसत व्हतीस."

असंल. मला आठवत न्हाई.