कुलूप लावलेलं फाटक

"कुलकर्णीसाब, बिल्डिंग तो मस्त है. लेकिन इसमें मैं किधर खडा हूँ?"

बिल्डर रेड्डीसाहेबांनी माझं चित्र हातभर लांब धरून विचारलं. मी म्हणालो, "सर, आप को तो निकालाच नहीं." सगळं ऑफिस हसलं. शेजारच्या बोर्डावरची पद्मा जरा जास्तच.

उदारीकरणाची नवी हवा होती. शहराच्या कडेला कुकटपल्लीत रिकामा प्लॉट दिसला की महिन्याभरात तिथे अपार्टमेंटची पाटी लागायची. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल ते काढून दाखवणं हे माझं काम. त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. त्यात आधी ठरवायची ती आय लेव्हल, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून किती उंच आहे ते. मी ती घारीच्या उंचीवर ठेवायचो. गच्ची, टाक्या, पार्किंग, सगळं दिसतं. काढणाऱ्याची मेहनतही दिसते.

पद्माला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तिचं चित्र माणसाच्या उंचीवरून.

"हौ! इसमें मैं घर कू आ रहा हूँ," ते हातात घेऊन रेड्डीसाहेब म्हणाले. "कुलकर्णीसाब के में विमान से जा रहा हूँ."

त्या दिवशी मला डबा गेला नाही. अठरा वर्षं बोर्डावर वाकून माझी पाठ गेली, पण असं 'हौ' माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

आमचे बॉस रावसर म्हणाले, "सोमवारी दोघांनी पुन्हा एकेक आणा. पसंत पडेल ते होर्डिंगवर जाईल. सहीसकट."

सहीसकट! पद्मा जेवायला गेल्यावर मी तिच्या कागदाला पट्टी लावली. आय लेव्हल पाच फूट. हात्तिच्या, एवढंच? मीही पाच फूट धरली. पण नुसती नक्कल करणं बरं दिसेना, म्हणून अगदी पुढे एक लोखंडी फाटक काढलं. एकेक गज, नक्षी, कडी, कुलूप. दोन दिवस त्यात गेले. कुलपाची सावली इतकी झकास पडली की मीच तिच्यावर खूश.

सोमवारी रेड्डीसाहेब आईला घेऊन आले. गावातून कधी न हललेली म्हातारी. पहिला फ्लॅट तिच्यासाठीच होता. दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली होती. ती माझ्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मी पद्माकडे मुद्दाम बघितलं.

म्हातारीने तेलुगूत काहीतरी विचारलं. रेड्डीसाहेब हसू दाबत म्हणाले, "अम्मा पूछ रही, ताला कायकू लगाए? चाबी किसके पास है?"

चावी मी काढलीच नव्हती.

मग ती पद्माच्या चित्राकडे वळली. तिथे पायवाट थेट कागदाच्या खालच्या कडेपासून सुरू होत होती आणि दार अर्धं उघडं होतं. म्हातारीने चपला काढून बाजूला ठेवल्या.

या वेळी कुणी हसलं नाही.

होर्डिंग लागल्यावर मी तारनाक्याच्या घरून खास स्कूटर काढून बघायला गेलो. म्हटलं, एवढ्या उंचावर पद्माची सही काय दिसणार! स्पष्ट दिसत होती.

तेव्हापासून पहिली रेघ मारण्याआधी मी ठरवतो, बघणाऱ्याने चपला कुठे काढायच्या. पद्माला हे अजून सांगितलेलं नाही.